उत्तर ठरावीक पटीने चुकतंय? पायथॉनमधल्या हिशोबात युनिट कुठे गळतं ते शोधण्याचा क्रम

पाण्याचे हिशोब, पंप-मोटारी, थोडंफार काँक्रीट अशा कामाच्या पायथॉन नोटबुका (कोड आणि उत्तरं एकत्र असलेल्या फाइली) माझ्याकडे सतत दुरुस्तीला येतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "युनिट लावलंय, तरी उत्तर चुकतंय." खालचं सगळं आकड्यांना युनिट जोडणाऱ्या पायथॉनच्या पाइंट या लायब्ररीला धरून लिहिलंय, कारण आमच्याकडे तीच चालते. मॅथकॅड, मॅटलॅब किंवा मॅथेमॅटिका ही हिशोबाची दुसरी सॉफ्टवेअर जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलंय. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी स्पेलिंग.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- 'डायमेन्शनॅलिटी एरर' येतो: अमुक युनिटचं तमुक युनिटमध्ये रूपांतर होत नाही.
- उत्तराला विचित्र युनिट येतं. मेगापास्कलचं वर्गमूळ, मीटरचा दोन तृतीयांश घात, 'मीटर गुणिले मिलीमीटर' वगैरे.
- तापमान आलं की 'अँबिग्युअस ऑपरेशन विथ ऑफसेट युनिट' असं म्हणून नोटबुक थांबते.
- काल चाललेली नोटबुक आज 'डिफरंट रजिस्ट्रीज' म्हणते.
- एरर नाही, वॉर्निंग नाही, उत्तर नुसता आकडा आहे आणि तो हाताने केलेल्या हिशोबाशी जुळत नाही.

पहिली चार लक्षणं म्हणजे लायब्ररी आपलं काम चोख करते आहे. त्यांचा त्रास होतो, पण नुकसान होत नाही. शेवटचं लक्षण खरं वाईट, आणि निम्म्याहून जास्त पोस्ट त्याच्यावरच खर्च होणार आहे.

आधी भागाकार करा

कोडला हात लावायच्या आधी एक सोपं उदाहरण कॅल्क्युलेटरवर सोडवा आणि नोटबुकचं उत्तर त्या उत्तराने भागा. एक पैसा खर्च नाही, दोन मिनिटांचं काम, आणि येणारा आकडा बहुतेक वेळा चोराचं नावच सांगतो. कारण युनिटची चूक कधी मोघम नसते. ती ठरावीक पटीनेच होते.

हजार आलं तर लांबीत मिलीमीटर-मीटरचा घोळ. दहाचा सहावा घात आला तर क्षेत्रफळात तोच घोळ, नाहीतर पास्कल-मेगापास्कल. नववा घात आला तर घनफळात. बारावा आला तर कोणीतरी बीमचा मोमेंट ऑफ इनर्शिया मिमीच्या चौथ्या घातात घेऊन मीटर म्हणून वापरला आहे.

९.८१ आलं तर किलोग्रॅम-फोर्स आणि न्यूटन. ३.६ आलं तर बहुधा किमी प्रति तास आणि मीटर प्रति सेकंद. पण लिटर प्रति सेकंद आणि घनमीटर प्रति तास यांच्यातही ३.६ च असतात, आणि किलोवॉट-तास आणि मेगाज्यूलमध्येही. ५७.३ म्हणजे अंश आणि रेडियन. ६.२८ म्हणजे फेरे आणि रेडियन. १.८ म्हणजे फॅरनहाइट. ०.९०७ म्हणजे टन. त्याचं प्रकरण खाली येईल. १.२ म्हणजे इंग्लंडचा गॅलन (४.५४६ लिटर) आणि अमेरिकेचा गॅलन (३.७८५ लिटर), पंपांच्या कॅटलॉगमध्ये दोन्ही भेटतात. ३५.३ म्हणजे घनमीटर आणि घनफूट. २८.३ म्हणजे टीएमसीचा (अब्ज घनफूट) आकडा दलघमी (दशलक्ष घनमीटर) समजून घातला, किंवा उलट. ४.४५ म्हणजे पाउंड-फोर्स आणि न्यूटन. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ साली याच आकड्यापायी गेलं.

भागाकार करूनही काही अर्थ लागत नसेल तर एकदा वजाबाकी करून बघा. फरक २७३.१५ आला तर तापमान.

दोन-तीन ओळींवर हा भागाकार करा. पट सगळीकडे सारखीच येत असेल तर युनिट. प्रत्येक ओळीला वेगळी येत असेल, तर तापमानाचा मुद्दा सोडल्यास चूक बहुतेक सूत्रात किंवा डेटात आहे, आणि पुढचे उपाय करून तुमची दुपार वाया जाईल.

कर्नल रीस्टार्ट करून वरपासून खाली चालवा

कर्नल म्हणजे नोटबुकमागे चालणारं पायथॉन; ते बंद करून नव्याने सुरू करायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच करत नाही. ज्युपिटरमध्ये, म्हणजे नोटबुक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सेल (कोडचे तुकडे) उलटसुलट क्रमाने चालवलेले असतात, आणि 'एम' या अक्षरात कधी मीटर असतं, कधी वस्तुमान. सुरुवातीला कोणीतरी सोयीसाठी एम म्हणजे मीटर असं लिहितं, चाळीस ओळींनंतर दुसरं कोणीतरी एम म्हणजे १२ किलो लिहितं, आणि मग वरचा सेल पुन्हा चालवला जातो. रीस्टार्टनंतर उत्तर बदललं तर रोग सापडला: युनिटना एकाक्षरी नावं देणं बंद करा.

मॅथकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत, म्हणजे १५ पर्यंत, हेच व्हायचं. एम ची नवी व्याख्या लिहिली की त्या ओळीच्या खाली मीटर हे युनिट गायब. प्राइममध्ये चल आणि युनिट यांना वेगवेगळी लेबलं असतात, त्यामुळे दोन्ही एम एकत्र नांदतात. जुनी शीट प्राइममध्ये आणली असेल तर प्रत्येक एम, एस आणि जी वर क्लिक करून लेबल कोणतं लागलंय ते एकदा बघून घ्या.

'डिफरंट रजिस्ट्रीज' चा एररही इथेच सुटतो. पाइंटमध्ये सगळी युनिट एका रजिस्ट्रीतून येतात. नोटबुकने आपली रजिस्ट्री बनवली, आयात केलेल्या फाइलने तिची स्वतःची बनवली, की एकीतला मीटर दुसरीतल्या मीटरला ओळखत नाही. रजिस्ट्री एकाच फाइलमध्ये बनवा आणि बाकी सगळीकडे तिथूनच आयात करा.

नोटबुकच्या डोक्यावरची 'इग्नोर' ओळ शोधा

हे दहा सेकंदांचं काम आहे. पहिल्या सेलमध्ये वॉर्निंगचा फिल्टर 'इग्नोर' वर टाकलेला असतो. ग्राफ काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या लाल ओळी नको म्हणून कोणीतरी कधीतरी टाकलेला, आणि मग नोटबुकांच्या पिढ्यांमधून कॉपी होत आलेला. पाइंटची राशी (युनिटसकट आकडा) नमपाय या गणिती लायब्ररीच्या साध्या अ‍ॅरेत ओतली की युनिट गळतं, आणि पाइंट 'युनिट-स्ट्रिप्ड वॉर्निंग' देतं. तो इशारा या फिल्टरने गिळला की बिघाडाचा एकमेव साक्षीदार गेला. ओळ काढा. त्याहून चांगलं म्हणजे या एका वॉर्निंगला 'एरर' करून टाका, म्हणजे युनिट जिथे गळेल तिथेच नोटबुक थांबेल.

युनिटचं नाव तपासा

लहान-मोठं अक्षर आधी. लहान एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा. मिलीपास्कल आणि मेगापास्कल यांच्यात एक अब्जाचा फरक आहे. ऑइलच्या व्हिस्कॉसिटीत मिलीपास्कल-सेकंदच लागतो आणि काँक्रीटच्या शीटमध्ये मेगापास्कल. एकातून दुसऱ्यात कॉपी-पेस्ट झालं की लायब्ररीला त्यात काहीच वावगं दिसत नाही, कारण दोन्ही युनिट वैध आहेत. मोठा सी एकटा लिहिला तर तो सेल्सिअस नाही, कूलंब. सेल्सिअसला 'डेग-सी'.

आता टन. आपल्याकडे टन म्हटलं की हजार किलो. पाइंट आणि मॅथकॅड दोन्हींत टी-ओ-एन असं लिहिलं तर ते अमेरिकेचा टन समजतात: २००० पाउंड, म्हणजे ९०७.१८ किलो. आपला टन हवा असेल तर टी-ओ-एन-एन-ई. ही चूक वाईट अशासाठी की ती नऊ टक्क्यांचीच आहे. हजारपट चूक नजरेत भरते. नऊ टक्के कमी आलेलं वजन कोणीही "फॅक्टर ऑफ सेफ्टीत बसतंय" म्हणून पुढे ढकलतं. माझ्या मते आपल्या रजिस्ट्रीत टी-ओ-एन ची व्याख्याच बदलून हजार किलो करू नये. तीच शीट दुसऱ्याच्या मशीनवर गेली की पुन्हा ९०७ होईल. स्पेलिंग बदला.

आपली देशी युनिट मात्र रजिस्ट्रीत घालावीच लागतात. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे २८.३१७ दलघमी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ब्रासच्या बाबतीत सावध राहा: वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि फरशी-स्लॅबचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकाच नावाने दोन्ही घालता येणार नाहीत. 'घन-ब्रास' आणि 'चौरस-ब्रास' अशी दोन नावं करा. नव्या व्याख्या घातल्यावर एक ओळ तपासणीची ठेवा: ४०,००० क्युसेक चोवीस तास सोडलं तर ३.४५६ टीएमसी, म्हणजे सुमारे ९७.९ दलघमी यायला हवं. नाही आलं तर व्याख्येत शून्य चुकलंय.

गुणाकारानंतर नुसता आकडा उचललाय का?

माझ्याकडे येणाऱ्या नोटबुकांमध्ये सगळ्यात जास्त हाच प्रकार असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

२३० मिमी जाडीची भिंत, ३ मीटर लांब. तळाचं क्षेत्रफळ काढा. पाइंट म्हणतं: ६९० मिलीमीटर-मीटर. हे उत्तर बरोबर आहे. पाइंट गुणाकारात युनिट आपणहून एकरूप करत नाही, जशी दिलीत तशी शेजारी शेजारी ठेवतं. चौरस मीटरमध्ये मागितलं की ०.६९ देतं. पण पुढच्या ओळीत कोणीतरी 'डॉट मॅग्निट्यूड' लिहून ६९० उचलतं, मनात चौरस मीटर धरतं, आणि हजारपट चूक तयार.

बेरजेत याच्यापेक्षा छुपं आहे. २ मीटर अधिक ३०० मिमी केलं तर उत्तर २.३ मीटर. क्रम उलटा केला, ३०० मिमी अधिक २ मीटर, तर २३०० मिमी. राशी तीच, पण डावीकडचं युनिट टिकतं. म्हणजे कोणी निर्दोष हेतूने सूत्रातली दोन पदं मागेपुढे केली तरी 'मॅग्निट्यूड' बदलतो, आणि गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो बदल बघणाऱ्याला वाटतं की काहीच झालं नाही.

उपाय एकच, आणि तो नियम म्हणून पाळावा: उघडा 'मॅग्निट्यूड' कधीही लिहायचा नाही. आकडा हवाच असेल तर आधी युनिट सांगायचं आणि मग उचलायचं. पाइंटमध्ये त्यासाठी 'एम-अ‍ॅज' ही आज्ञा आहे. तिला "चौरस मीटरमध्ये दे" असं सांगितलं की ०.६९ च येतं, मूळ राशी कशीही साठवलेली असो. बिघडलेल्या नोटबुकेत मी 'मॅग्निट्यूड' हा शब्द शोधून प्रत्येक जागी 'एम-अ‍ॅज' घालतो. बऱ्याच नोटबुका एवढ्यावरच बऱ्या होतात. 'मॅग्निट्यूड' च्या जागी नुसतं 'डॉट एम' लिहिलेलं असतं, तेही शोधायला विसरू नका.

मॅथकॅडमध्ये हा त्रास नाही. ते आतून सगळं मूळ युनिटमध्ये नेतं आणि दाखवताना तुम्ही सांगाल त्या युनिटात दाखवतं.

दाराशी काय होतं ते बघा

दार म्हणजे जिथून आकडे आत येतात किंवा बाहेर जातात: एक्सेल, सीएसव्ही, सायपाय या गणिती लायब्ररीचे सॉल्व्हर, ग्राफ. आत युनिट सुखरूप असतात; ती गळतात ती दारात.

एक्सेलमधला कॉलम आणताना त्याच्या मथळ्यात युनिट लिहिलंय का ते बघा. 'विसर्ग' एवढंच लिहिलं असेल तर पाठवणाऱ्याला फोन करा, अंदाज लावू नका. धरणांच्या तक्त्यांत साठा कधी टीएमसीत, कधी दलघमीत असतो, आणि एकाच फाइलच्या दोन शीटमध्ये दोन्ही सापडले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

त्रिकोणमितीचं वेगळं. पाइंटची ३० अंश ही राशी साइनला दिली तर उत्तर ०.५ येतं, कारण अंशाचं रेडियन आधी केलं जातं. पण वाटेत कुठे युनिट गळून नुसते ३० पोहोचले तर साइन त्यांना रेडियन समजतं आणि उत्तर उणे ०.९८८. उताराच्या हिशोबात अचानक उणे चिन्ह दिसलं तर आधी इथे बघा.

सॉल्व्हर, म्हणजे सायपायमधलं मूळ शोधणं, इंटिग्रेशन वगैरे, यांना युनिट कळत नाहीत. त्यांना युनिटसकट राशी भरवायचा हट्ट सोडा. फंक्शनच्या तोंडाशी 'एम-अ‍ॅज' ने आकडे काढा, आत उघड्या आकड्यांनी हिशोब करा, बाहेर पडताना युनिट परत लावा. त्यामुळे वेगही वाढतो. लाखभर ओळींच्या लूपमध्ये प्रत्येक बेरजेला युनिट तपासणं हा उगाच छळ आहे.

तापमान

सेल्सिअसचं शून्य हे खरं शून्य नाही, त्यामुळे "३५ अंश" याचे दोन अर्थ होतात: थर्मामीटरवरचं ३५, किंवा ३५ अंशांची वाढ. पाइंट यासाठी दोन युनिट ठेवतं, 'डेग-सी' आणि 'डेल्टा-डेग-सी'. मॅथकॅड आणि मॅथेमॅटिकातही फरकासाठी वेगळं युनिट आहे. मॅटलॅबच्या सिंबॉलिक युनिटमध्ये मात्र उलटी रीत: काही सांगितलं नाही तर ते तापमानाला फरकच समजतं, प्रत्यक्ष तापमान हवं असेल तर 'अ‍ॅब्सोल्यूट' असं सांगावं लागतं. एकातून दुसऱ्यात हिशोब नेताना हे लक्षात ठेवा.

छतावरच्या सोलर हीटरचं उदाहरण घ्या. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायचं. १०० किलो गुणिले ४.१८६ गुणिले ३५, म्हणजे १४,६५१ किलोज्यूल, सुमारे ४.०७ युनिट (किलोवॉट-तास) वीज. आता ३५ ला 'डेग-सी' लावलं तर पाइंट एरर देऊन थांबतं, आणि बरोबरच करतं. मग कोणीतरी शोधून काढतं की रजिस्ट्री बनवताना 'ऑटोकन्व्हर्ट ऑफसेट टू बेसयुनिट' हा पर्याय चालू केला की एरर जातो. जातोच, पण ३५ चं ३०८.१५ केल्विन होऊन जातो, आणि त्याच पाण्याला ३५.८ युनिट वीज लागते असं उत्तर मिळतं. पट येते ८.८, जी वरच्या कोणत्याही ओळखीच्या आकड्यात बसत नाही, म्हणून लोक भलतीकडे शोधत बसतात. ओळखीची खूण: तापमानातला फरक बदलला की पटही बदलते.

हा पर्याय चालू दिसला तर बंद करा आणि जे एरर येतील ते एकेक करून निस्तरा. दोन 'डेग-सी' राशींची वजाबाकी केली की पाइंट आपणहून 'डेल्टा' देतं, तेव्हा फरक हाताने लिहिण्यापेक्षा वजाबाकीच लिहावी.

कोडबुकातली सूत्रं

हे जरा अवघड आहे, कारण इथे सूत्रच युनिटच्या बाबतीत अर्धवट असतं.

आयएस ४५६ : २००० या भारतीय कोडमध्ये काँक्रीटचा इलॅस्टिसिटी मॉड्युलस ५००० गुणिले एफसीकेचं (काँक्रीटच्या ठरवलेल्या ताकदीचं) वर्गमूळ असा दिलाय. एम२५ काँक्रीटला २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे २५,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. कागदावर काही अडचण नाही. पण एफसीकेला मेगापास्कल हे युनिट लावलं की वर्गमूळ मेगापास्कलचंही निघतं, आणि उत्तर "२५,००० वर्गमूळ-मेगापास्कल" असं काहीतरी येतं. मेगापास्कलमध्ये रूपांतर मागितलं की एरर. त्या ५००० ला स्वतःचं युनिट आहे, कोडबुकाने ते छापलेलं नाही, एवढाच अर्थ.

आता लोक काय करतात? राशी मूळ युनिटमध्ये नेतात. २५ मेगापास्कल म्हणजे अडीच कोटी पास्कल, त्याचं वर्गमूळ ५०००, गुणिले ५००० म्हणजे परत अडीच कोटी. त्याला पास्कल चिकटवलं की २५ मेगापास्कल. बरोबर उत्तराचा हजारावा भाग. गंमत अशी की हा आकडा एफसीकेइतकाच, २५ मेगापास्कल, येतो. त्यामुळे शीटवरून नजर फिरवणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो आणि डोळा पुढे सरकतो. डिफ्लेक्शन काढेपर्यंत पत्ता लागत नाही.

योग्य रीत: सूत्रात जाताना राशीला कोडबुकाच्या युनिटने भागा, म्हणजे नुसता आकडा राहील, हिशोब करा, बाहेर पडताना कोडबुकाच्या युनिटने गुणा. मॅथकॅडमध्ये हे असंच लिहितात. पाइंटमध्ये 'रॅप्स' नावाचा डेकोरेटर हेच काम करतो: फंक्शनच्या डोक्यावर "मेगापास्कल आत, मेगापास्कल बाहेर" असं लिहायचं. कोणी पास्कलमध्ये दिलं तरी तो आधी बदलून घेतो, आणि कोणी युनिटशिवाय उघडा आकडा दिला तर हाकलून देतो.

कालव्यातल्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र असंच. त्यातला एन, म्हणजे कालव्याचा खडबडीतपणा, हा नुसता आकडा म्हणून तक्त्यात छापलेला असतो, पण युनिट जुळायची तर त्याला सेकंद भागिले मीटरचा एक तृतीयांश घात हे युनिट द्यावं लागतं. हायड्रॉलिक त्रिज्या १ मीटर, उतार पाच हजारात एक, एन ०.०१५, तर वेग सुमारे ०.९४ मीटर प्रति सेकंद. तुमच्याकडे १.४० येत असेल तर सूत्र अमेरिकन पुस्तकातून उचललंय: तिथे फुटांसाठी डोक्यावर १.४९ असतात, आणि ते मीटरबरोबर चालत नाहीत.

जिथे युनिट जुळतात आणि तरी चुकतं

इथे कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही.

आरपीएम आणि हर्ट्झ घ्या. पाइंट कोनाला मितीहीन मानतं, म्हणून १५०० आरपीएमचं हर्ट्झमध्ये रूपांतर मागितलं तर ते १५७.०८ देतं. तुम्हाला अपेक्षित होते २५. पाइंटच्या हिशोबाने ते बरोबर आहे, कारण एक फेरा म्हणजे २ पाय रेडियन, रेडियन म्हणजे १, आणि हर्ट्झ म्हणजे एक भागिले सेकंद. व्हायब्रेशनच्या कामात हा आकडा थेट ग्राफवर जातो आणि मग मोटार कुठल्याशा भलत्याच फ्रीक्वेन्सीला थरथरताना दिसते. फेऱ्यांची फ्रीक्वेन्सी हवी असेल तर 'फेरे प्रति सेकंद' मागा, हर्ट्झ मागू नका.

टॉर्कमध्येही तेच. ७.५ किलोवॉटची मोटार १४५० आरपीएमला साधारण ४९.४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. पॉवरला फेरे प्रति सेकंद या उघड्या आकड्याने भागलं तर ३१० येतात, युनिट अगदी जुळतं, आणि शाफ्ट जवळपास दुप्पट जाड होतो. शिवाय न्यूटन-मीटर आणि ज्यूल यांची मिती एकच, त्यामुळे टॉर्कच्या जागी ऊर्जा घातली तरी पाइंट हूं की चूं करत नाही. अशा ठिकाणी हाताने सोडवलेलं एक उदाहरण नोटबुकेत 'असर्ट' (उत्तर जुळलं नाही तर थांबवणारी ओळ) म्हणून ठेवणं एवढाच उपाय मला माहीत आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पट ३.६ येते आहे, कोड स्वच्छ आहे, आणि आकडे फ्लोमीटरवरून येताहेत: मग ट्रान्समीटर घनमीटर प्रति तास पाठवतोय आणि स्काडा (मीटरचे आकडे गोळा करणारी संगणक यंत्रणा) त्याला लिटर प्रति सेकंद समजतंय, अशी दाट शक्यता. हे इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याचं काम. नोटबुकेत ३.६ ने भागून वेळ मारून नेऊ नका. ज्या दिवशी तो मीटरची सेटिंग दुरुस्त करेल त्या दिवशी तुमचा हिशोब उलट्या बाजूने चुकेल, आणि तेव्हा कारण कोणाला आठवणार नाही.

स्ट्रक्चरचं डिझाइन असेल आणि चूक सापडली असेल, तर शीट दुरुस्त करून गप्प बसू नका. ज्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे त्याला दोन्ही उत्तरं, जुनं आणि नवं, दाखवा. टन आणि एफसीकेच्या चुका सळईपर्यंत पोहोचतात, आणि कुठल्या बीमला काय फरक पडतो हे ठरवणं तुमचं-माझं काम नाही. धरणाच्या विसर्गाचे आकडे असतील तर तेच: आकडा कोणत्या युनिटमध्ये जाहीर करायचा हे तिथला जबाबदार अभियंता ठरवेल.

पासवर्ड लावलेली, कोणीतरी तपासून मंजूर केलेली शीट असेल तर कुलूप फोडायच्या भानगडीत पडू नका. ज्याने मंजूर केली त्याच्याकडे भागाकाराचा कागद घेऊन जा.

आणि चुकीचं उत्तर साइटवर किंवा दुकानदाराला आधीच गेलं असेल, तर कोड नंतर. आधी फोन करून माल थांबवा.